चप्पल कुठं ठिऊ?

“कंपनीत तमाशा?” प्लांट हेडनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “अहो, शटडाउन बारा दिवसांवर आलंय. तुमची पीपीटी आहे ना? ती दाखवा.”

“सात वर्षं तीच दाखवतोय, सर. लोक एसीत डुलकी काढायला येतात.”

“मग सोंगाड्या काय वेगळं शिकवणार?”

कुरकुंभ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मी सेफ्टी ऑफिसर होतो. शटडाउन म्हणजे वर्षातून एकदा अख्खा प्लांट बंद करून साफसफाई आणि दुरुस्ती करायची. त्यासाठी रिॲक्टरमध्ये माणूस उतरवावा लागतो. रिॲक्टर म्हणजे खोलीएवढं मोठं, झाकणबंद पातेलं. वर माणूस जेमतेम मावेल एवढं तोंड, त्याला मॅनहोल म्हणतात. आतली हवा बिघडलेली असली तर कळत नाही. वास येत नाही, ठसका लागत नाही. माणूस दोन श्वासांत आडवा होतो. म्हणून उतरण्याआधी आत मीटर सोडून ऑक्सिजन मोजायचा, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा मोजायचा. हे दोन नियम मी इतक्यांदा सांगितले होते की बायको म्हणायची, झोपेतही तेच बडबडता.

आदल्या वर्षी बापूला आम्ही दोरीनं ओढून वर काढला होता. बापू जवळच्या राहू गावचा. पाटसच्या साखर कारखान्यावर उसाचा हंगाम संपला की कंत्राटदाराबरोबर आमच्याकडे यायचा. थोडक्यात वाचला. माझ्या लेखी परीक्षेत त्याला वीसपैकी वीस मार्क होते, म्हणून मला जास्तच राग आला. हॉस्पिटलात त्याच्या खाटेशी उभं राहून मी विचारलं, “मीटर न लावता उतरलास कसा?”

“सुपरवायझर म्हणले उतर.”

“आणि तू उतरलास?”

बापूनं माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. “साहेब, उद्या परत कामावर यायचं असतंय.”

यावर माझ्या पीपीटीत स्लाइड नव्हती.

चैत्रात बापूनं मला त्याच्या गावच्या जत्रेला बोलावलं. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी भर उन्हात तमाशाच्या हजेऱ्या असतात, म्हणजे फडातले लोक गावासमोर दिवसाउजेडी आपली कला दाखवतात. साठीचा एक सोंगाड्या पुढं बसलेल्या सरपंचाची टोपी उडवत होता. गावची पाण्याची टाकी तीन वर्षं अर्धवट का, असं त्यानं तोंडावर विचारलं. सरपंच हसत होता. हसण्यावाचून इलाज नव्हता, कारण सगळं गाव हसत होतं. आणि सगळ्यात मोठ्यानं हसत होता तो बापू, ज्याला सुपरवायझरपुढं ब्र काढता येत नव्हता. त्या सोंगाड्याचं नाव गेनूमामा. मी तिथंच त्यांना गाठलं.

गेनूमामा भीमेपलीकडचे, शिरूर तालुक्यातले. जत्रांच्या धामधुमीत त्यांनी मला दोन दिवस दिले, आणि प्लांट हेडनीही शेवटी कुरकुरत परवानगी दिली. मी जय्यत तयारी केली. सुरक्षेच्या दहा नियमांचं यमक जुळवून गाणं लिहिलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि परत दिलं.

“चांगलं हाय. पेपरात द्या.”

मला राग आला. खरं सांगायचं तर चांगलाच आला. पण ते म्हणाले, “आज मला तुमच्या कँटीनमधी नुसतं बसू द्या.”

दिवसभर ते चहा पीत लोकांशी गप्पा मारत बसले. संध्याकाळी मला म्हणाले, “साहेब, तुमचे नियम पोरांला तोंडपाठ हायेत. त्यांला फकस्त ‘न्हाई’ म्हनता येत न्हाई. आन् ते तुमी बी शिकवल्यालं न्हाई.”

“तुम्ही शिकवाल?”

“माझा बाप जयंतीला विहारापुढं जलसा करायचा. गाण्यातनं, बतावणीतनं वस्तीला सांगायचा, पोरं शाळंत घाला, वेठीला जाऊ नका. त्या जलशानंच माझं गाव ‘न्हाई’ म्हनायला शिकलं. मी त्यातच वाढलो. बघू की.”

दुसऱ्या दिवशी शिफ्ट बदलताना कँटीनच्या शेडमध्ये कार्यक्रम झाला. पाण्याची एक जुनी प्लास्टिकची टाकी हाच रिॲक्टर. ढोलकीवाले सखाराम सुपरवायझर झाले, डोक्यावर हेल्मेट उलटं. गेनूमामा झाले कामगार.

“उतर रं!” सखाराम ओरडले.

“उतरतो की मालक.” गेनूमामांनी एक पाय टाकीवर ठेवला, मग थबकले, आणि पायातली चप्पल काढून हातात घेतली. “पन चप्पल कुठं ठिऊ?”

“चपलीचं काय मधीच?”

“न्हाई, वर आलो तर मला लागंल. न्हाई आलो तर घरी पाठवा, थोरल्याच्या पायाला आता बसंल.”

असा हशा उसळला की शेडचे पत्रे वाजले. मला मात्र बापूची हॉस्पिटलातली खाट आठवली.

मग ढोलकी सुरू झाली. तमाशात मुख्य गाणाऱ्याच्या मागं उभे राहून त्याची ओळ उचलणारे असतात, त्यांना झीलकरी म्हणतात. गेनूमामांनी सगळ्या कँटीनला झीलकरी केलं. ते म्हणायचे, “आधी मीटर दावा जी,” आणि दीडशे माणसं उचलायची, “मग आमी उतरतो जी, जी जी!” त्यांनी एकेका खऱ्या सुपरवायझरला पुढं बोलावलं. सुपरवायझरनं ‘उतर’ म्हणायचं, कामगारानं चप्पल विचारायची, बाकीच्यांनी झील ओढायची. पहिला कामगार लाजला. पाचवा कंबरेवर हात ठेवून उभा राहिला.

शेवटी मामांनी मला बोलावलं.

“मला कशाला? मी तर सेफ्टीचा माणूस.”

“सोंगाड्या राजालाबी सोडत न्हाई, साहेब. ज्याला सोडला, त्योच बुडवतो.”

मी कसाबसा ‘उतर’ म्हणालो. समोर बापू होता. त्यानं चप्पल विचारली, सगळ्यांनी माझ्यावर झील ओढली, मी हसलो. पण आतून मला ते लागलं. सात वर्षं यांच्यासाठी घसा कोरडा केला, आणि मलाच सुपरवायझरांच्या रांगेत उभं करतात म्हणजे काय?

शटडाउनच्या तिसऱ्या दिवशी सात नंबरच्या रिॲक्टरचं काम मागं पडलं. सकाळी मी स्वतः ऑक्सिजन मोजला होता, एकवीस टक्के, म्हणजे आपण बाहेर घेतो तशीच हवा. सकाळची पाळी आत जाऊन सुखरूप वर आली. जेवणाच्या सुट्टीनंतर बापूची पाळी. प्लांट हेडचे अर्ध्या तासात तीन फोन आले होते. मे महिन्याचं ऊन. मीटर घेऊन गेलेला माणूस पलीकडच्या शेडमध्ये.

“बापू, सकाळी मीच मोजलंय. उतर,” मी म्हणालो.

बापूनं पट्टा आवळला. मॅनहोलपाशी गेला. आत वाकून बघितलं आणि माझ्याकडं वळला.

“साहेब, चप्पल कुठं ठिऊ?”

त्याच्या पायात चप्पल नव्हतीच, सेफ्टी शूज होते. दोरी धरून उभ्या असलेल्या चौघांनी माना खाली घातल्या. मग त्यांतला एक हळूच म्हणाला, “आधी मीटर दावा जी.” बाकीच्यांनी तितक्याच हळू उचललं.

माझे कान तापले. हा नियम मी यांना शिकवला, आणि हे मला शिकवतात? “आणा तो मीटर!” मी ओरडलो. त्यांना खोटं ठरवायच्या ईर्ष्येनंच मी नळी आत सोडली.

मीटर किंचाळायला लागला. आकडा सतराच्या खाली गेला, सोळा, पंधरा, आणि अजून उतरतच होता.

मी तिथंच लोखंडी जाळीवर बसलो. बापूनं मला पाण्याची बाटली दिली.

शेजारच्या रिॲक्टरमध्ये दुपारी नायट्रोजन सोडला होता. त्याला रंग नाही, वास नाही, पण तो हवेची जागा घेतो. दोन रिॲक्टरच्या मधल्या पाइपलाइनीत जाड लोखंडी चकती घालून रस्ता पक्का बंद करायचा असतो. त्या चकतीला ब्लाइंड म्हणतात. ती घातलेलीच नव्हती, नुसता व्हॉल्व्ह फिरवला होता आणि तो झिरपत होता. कामाच्या परवान्यावर ‘ब्लाइंड लावला’ या रकान्यात टिक होती. ती माझ्या पेनाची होती. सकाळच्या गडबडीत जागेवर न बघता केलेली.

ब्लाइंड घातला, पंखे लावले, दोनदा मोजलं. चार वाजता बापू उतरला आणि साडेपाचला वर आला. त्या दीड तासात मी मॅनहोलपासून हललो नाही.

रिपोर्टमध्ये मी चूक कोणाची ते सरळ लिहिलं. प्लांट हेडनी तो वाचला आणि कागद माझ्याकडं फिरवला.

“हे तुम्ही स्वतःविरुद्ध लिहिलंय.”

“हो, सर.”

“आणि तुम्हाला थांबवलं कोणी?”

“बापूनं. कंत्राटी कामगार.”

“तोच? गेल्या वर्षीचा?”

“तोच.”

त्यांनी चष्मा पुसला. “पुढच्या वर्षी त्या सोंगाड्याला आठवडाभर आधी बोलवा. आणि स्टेजवर मलाही घ्यायला सांगा.”

रविवारी मी गेनूमामांना फोन केला आणि सगळं सांगितलं. माझी फजितीसुद्धा. ते मनापासून हसले. म्हणाले, “तवा स्टेजवर तुमचं त्वांड बघूनच मला वाटलं व्हतं, ह्येंनाच आधी लागनार.”

मला मेमो मिळाला. तो बरोबरच होता. त्या पाळीतल्या पाचही जणांना पुढच्या हंगामाचं काम प्लांट हेडनी लेखी दिलं, तेही कंत्राटदाराला समोर बसवून. मी रिटायर झालो तरी शटडाउनच्या आधी कँटीनमध्ये ढोलकी वाजते, आणि आता कामगाराचं सोंग बापू करतो. मला दरवर्षी बोलावणं असतं. मी दौंडहून जातो आणि मुकाट्यानं ‘उतर’ म्हणायला उभा राहतो. ज्या ट्रेनिंगमध्ये शिकवणाऱ्याची फजिती होत नाही, ते ट्रेनिंग झालंच नाही असं मी तेव्हापासून धरतो.