काळी कड, पांढरी कड

सांगलीचा अमृत फोटोग्राफर कुणावरच विश्वास ठेवत नाही, आणि जुन्या लाकडी कॅमेऱ्याच्या बाबतीत तर मुळीच नाही. त्या कॅमेऱ्याला एकेक सुटी फिल्म चपट्या होल्डरात घालून द्यावी लागते. होल्डरची पट्टी ओढली आणि उजेड शिरला की फिल्म गेली. अमृत प्रत्येक होल्डरवर आकडा चिकटवतो. पट्टीची पांढरी कड वर म्हणजे फिल्म कोरी, काळी वर म्हणजे फोटो घेतलेला.

आटपाडीच्या माळावर आठ दिवस मेंढपाळांचे फोटो काढून त्यानं बारा होल्डर काळ्या कडेनं घरच्या फळीवर लावले. दसऱ्याला बघतो तर बाराही पांढरे.

संशय सरळ शेजारच्या स्टुडिओवाल्या दिग्विजयवर गेला. त्याला फळीजवळ फिरकू देऊ नको, असं अमृतनं आईला आधीच बजावलं होतं. आता त्यानंच फिल्म बदलून नेल्या असं धरून अमृतनं दिग्विजयशी बोलणंच टाकलं. दिग्विजय दोनदा दारात आला, दोनदा अमृतनं दार लावून घेतलं.

मग सात नंबरचा होल्डर उचलला, तर बोटाला कुंकू लागलं.

"आई, ह्याला कुणी हात लावला?"

"मीच की," धोंडुबाई म्हणाली. "खंडेनवमीला तुझ्या हत्यारांची पूजा नको व्हय? काळ्यावर कुंकू कसं लावायचं? पट्ट्या काढल्या, उन्हात बसून पुसल्या, पांढरी बाजू वर केली."

अमृतनं सात नंबरचा होल्डर फळीवर परत ठेवला.

"त्यो दिग्विजय आडवा येत हुता. काकू, उजेडात उघडू नगा म्हनं. मी हाकलला. तूच सांगितलं हुतंस न्हवं."