ओमांचं फरसबीचं पातेलं

तुमची आई सात वर्षांची होती तेव्हा शाळेची बस तिला तीन वाजता सोडायची आणि मी साडेपाचला घरी यायचे. वेस्ट विंडसरमधल्या आमच्या रस्त्यावर मधल्या अडीच तासांसाठी तिला ठेवण्याजोगं एकच घर होतं, शेजारच्या जर्मन बाईंचं. तुमची आई त्यांना ओमा म्हणायची. त्यांच्याकडे आजीला तसं म्हणतात. ओमा जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या, मासेमारीच्या गावातल्या. नवरा गेल्यापासून एकट्याच राहत.

पहिल्याच दिवशी मी त्यांना स्वच्छ सांगितलं होतं: मुलीला मांस नाही, मासे नाहीत, अंडं चालेल. त्यांनी मान डोलावली. मला मात्र भरवसा वाटेना. त्यांच्या फ्रिजमध्ये खारवलेल्या हेरिंग माशांच्या बरण्या असत. एकदा ओट्यावर गुलाबी लगदा भरलेली ताटली दिसली. बिटाची कोशिंबीर समजून मी कौतुक केलं, तर त्यात बटाटा आणि बिटाबरोबर खारं बीफ कुटून घातलेलं होतं. त्यांच्याकडचे खलाशी म्हणे जहाजावर तेच खात. त्या दिवसापासून संध्याकाळी मी तुमच्या आईचं तोंड हुंगायला लागले.

"तू काय सीआयडीत आहेस का?" तुमचे आजोबा म्हणाले. "बाई एवढं सांभाळतेय, आणि तू पोरीचं तोंड हुंगतेस!"

संशय एकतर्फी नव्हता, हेही सांगते. मी हिंगाची फोडणी घातली की ओमांची आमच्या बाजूची खिडकी धाडकन बंद व्हायची.

वर्षभरानं, सप्टेंबरात, तुमच्या आईनं घरच्या जेवणाला नाकं मुरडायला सुरुवात केली. तिला ओमांची फरसबीच हवी असायची. त्या लोकांत फरसबी आणि नासपती एकत्र शिजवतात. मला ते विचित्र वाटलं, पण मी कृती विचारायला गेले. तेव्हा मी एका लॅबोरेटरीच्या ग्रंथालयात कॅटलॉगची कार्डं लावायचे; तसंच एक कोरं कार्ड बरोबर नेलं. ओमा सांगत गेल्या, मी उतरवून घेतलं. फरसबी, लहान कडक नासपती देठासकट, मीठ, मिरी आणि थोडासा ओव्यासारखा लागणारा एक वाळका पाला. बस, एवढंच.

घरी तंतोतंत केलं. तुमच्या आईनं एक घास खाऊन ताटली बाजूला सारली.

"इट्स नॉट द सेम, आई."

"काय कमी आहे?"

"आय डोन्ट नो. ओमाची ओमासारखी लागते."

चार दिवसांनी पुन्हा केलं. पुन्हा तेच. कार्डावर काहीतरी आलेलं नव्हतं, एवढं मला कळलं.

पण नुसत्या संशयावर बोलायचं कसं? ओमा रुसल्या तर मुलीला ठेवायची कुठे? मला नोकरी सोडावी लागली असती. म्हणून आधी डोळ्यांनी बघायचं ठरवलं. एका गुरुवारी दाताचं निमित्त सांगून दुपारीच निघाले आणि बस यायच्या आधी ओमांच्या मागच्या दाराशी जाऊन उभी राहिले. न सांगता कुणाच्या घरी जाणं माझ्या स्वभावात नाही, तरी गेले.

जाळीच्या दारातून सगळं दिसत होतं. ओमा चष्मा लावून पातेल्यातून काट्यानं बेकनचे, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाचे, जाड तुकडे काढत होत्या. एकेक उचलून स्वतःच्या ताटलीत ठेवत होत्या. मग त्यांनी तुमच्या आईच्या निळ्या वाडग्यात भाजी वाढली, खिडकीच्या उजेडात नेली आणि चमच्यानं वरखाली करून तपासली. नखाएवढा एक तंतू सापडला, तोही काढला.

मी दार ढकललं. त्या दचकल्या नाहीत. उलट वाडगा माझ्यापुढे धरला.

"बघा. एक तरी तुकडा राहिला असेल तर दाखवा."

"अहो, पण शिजलंय तर त्यातच!"

"मग चव कुठून येणार? पाण्यातून?"

"मला कृती सांगताना हे का नाही सांगितलं?"

"तुम्ही खात नाही. तुम्हाला कशाला सांगू?"

मी त्यांच्या चेहऱ्यावर लपवाछपवी शोधत राहिले. ती नव्हती. तुकडा काढला की मांस गेलं, इतकं त्यांच्या लेखी सरळ होतं. आमच्याकडे ते पातेलंच चालत नाही, असं मी समजावलं तेव्हा मात्र त्या खवळल्या.

"वर्षभर डोळे फोडून वेचतेय मी! माझ्या स्वतःच्या पोरांसाठी कधी वेचलं नाही!"

तेवढ्यात बाहेर बस थांबल्याचा आवाज आला. ओमांनी वाडग्यातली भाजी परत पातेल्यात ओतली.

"उद्या येणार आहे का ती?" त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

"येईल," मी म्हटलं. "पातेलं मी देईन."

तुमच्या आजोबांना मी यातलं काही सांगितलं नाही, तुमच्या आईलाही नाही. पुण्याला सासूबाईंना दर महिन्याच्या पत्रात मी लिहायचे की मुलगी शाकाहारीच वाढते आहे. त्या महिन्यात ते वाक्य गाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टीलचं पातेलं झाकणासकट ओमांकडे पोचवलं. चार वाजता ग्रंथालयातून फोन केला.

"आज काय केलंय?"

"बटाटे. तुमच्या पातेल्यात. लोणी आणि मीठ." मग म्हणाल्या, "या, वास घेऊन बघा," आणि फोन ठेवला.

साडेपाचला मी खरंच गेले आणि त्यांच्यासमोर झाकण काढलं. ओमा हाताची घडी घालून बघत होत्या. वास बटाट्याचाच होता. मी दोनदा घेतला.