आधी दारं मोजा

महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत, सकाळी साडेअकराच्या सुमारास, पाड्यावरचा सार्वजनिक नळ बंद करण्याचा ठराव चर्चेला आला. विषयपत्रिकेवर तो चौथा होता. मागच्या सभेचं इतिवृत्त, जमाखर्च आणि वृक्षारोपण हे पहिले तीन विषय वीस मिनिटांत उरकले होते. चौथ्याला जवळपास तीन तास लागले.

गाव बोईसर आणि वाणगावच्या मध्ये, मुख्य रस्त्यापासून थोडं आत आहे. हद्दीत एकही कारखाना नाही. तारापूरच्या कारखान्यांत काम करणारी माणसं मात्र पुष्कळ आहेत, कारण गेल्या वीसेक वर्षांत गावातल्या बहुतेक जमीनवाल्यांनी चाळी बांधल्या. माझ्या वडिलांनीही बांधली, सहा खोल्यांची. पालघरला एका वर्तमानपत्राच्या कचेरीत मी नोकरी केली आणि ती सुटल्यापासून या चाळीच्या भाड्यावर राहतो. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण त्या दिवशीच्या वादात मी बातमीदार नव्हतो, पक्षकार होतो.

पाडा गावाच्या पूर्वेच्या टोकाला आहे. तिथली कुटुंबं पावसाच्या पाण्यावर भात आणि नागली करतात, उरलेलं वर्ष मजुरी. पाड्याला एकच नळ. त्याला पहाटे पाचला पाणी येतं आणि चाळीस मिनिटांनी जातं. नळाची पाणीपट्टी कोणाच्याच नावावर नाही. पंपाचं वीजबिल वाढलं होतं, ते थकलं होतं, आणि पंचायतीने उपाय काढला होता: सार्वजनिक नळ बंद करायचा, ज्याला पाणी हवं त्याने अनामत भरून घरात नळ घ्यायचा.

पाड्यावरून त्या सभेला एकच बाई आली होती. वय चाळिशीचं. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ती ठेकेदाराकडे झाडूकामाला जाते. ठेकेदाराची गाडी फाट्यावर सहाला येते आणि थांबत नाही. महिन्यात तीनदा उशीर झाला की कामावरून कमी करतात. घरातल्या नळाची अनामत तिला झेपणारी नाही, म्हणून नळ बंद झाला तर पाणी विहिरीचं. विहीर रस्त्यापलीकडे शेतात आहे, मे महिन्यात तिच्यात उतरून तांब्याने हंडा भरावा लागतो. दोन हंड्यांना तास जातो. नळ गेला की नोकरी गेली, हा हिशेब तिने सभेत उभं राहिल्यावर पहिल्या दोन वाक्यांत सांगितला. तिसरं वाक्य होतं, "म्हणून नळ बंद होनार नाय."

ठराव मांडणारे माजी सदस्य हसले. त्यांची चाळ गावात सर्वांत मोठी. ते म्हणाले, "वैनी, नळ तुमच्या बाबाचा हाय का?"

"नाय शेठ. तुमच्याबी नाय."

लोक हसले. सरपंचबाईंनी टेबलावर पेन आपटलं. त्याही पाड्याकडच्याच, पण पलीकडच्या वस्तीतल्या. त्यांच्या वस्तीला वेगळी बोअरवेल आहे.

माजी सदस्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्यांनी तो नीट मांडला. रस्ता, दिवे, बालवाडी, उपकेंद्र हे सगळ्यांचं. ते पंचायतीने करावं आणि घरपट्टीतून करावं. पाणी ज्याच्या घरात जातं त्याचं. त्याचे पैसे त्याने भरावेत. काहींनी भरायचं आणि काहींनी फुकट न्यायचं, याला ते न्याय म्हणायला तयार नव्हते. "माझ्या चाळीपुढचा रस्ता पंचायतीने केला नाय," ते म्हणाले. "भराव मी टाकला. खडी मी टाकली. मला सरकारने काय दिलं ते सांगा, मग मला शिकवा."

ग्रामपंचायत अधिकारी, ज्यांना गाव अजूनही भाऊसाहेबच म्हणतं, ते म्हणाले की नियमात दोन्ही बसतं. सार्वजनिक नळ ठेवता येतो, त्याचा खर्च सगळ्यांच्या पट्टीत घालता येतो. बंदही करता येतो. सभा ठरवेल ते.

"पट्टी वाढवायची नाय," मागून तीन-चार आवाज आले. ते सगळे चाळवाल्यांचे होते. त्यांत माझा नव्हता. पण मी विरोधही केला नव्हता.

बाई पुन्हा उठली. तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या पावत्या होत्या. तिने त्या भाऊसाहेबांच्या टेबलावर मांडल्या. चार होत्या.

"माझ्या सासऱ्याचं एक घर व्हतं. चार पोरं. पोरं लग्नं करून बाजूला झाली, बाजूलाच कुडाच्या चार भिंती घातल्या. घरकुल पायजे तर वेगळा नंबर पायजे, असं तुमीच सांगितलं. आमी चार नंबर घेतले. चार नंबराची घरपट्टी भरतो. आता शेठ, तुमच्या चाळीत खोल्या किती?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"धा हायेत. मला ठावं हाय. पोलिओच्या रविवारी आशाताईसंगं मीच फिरते. धा दारांवर मी खडूनं खूण केली. नंबराची पाटी किती दारांवर हाय? एका."

माजी सदस्य म्हणाले, "चाळ म्हणजे एक इमारत. एक नंबर." ती म्हणाली, "मंग आमचीबी चार घरं एका अंगणात हायेत. करा एक नंबर. तीन पावत्या परत द्या."

भाऊसाहेबांनी आकारणीची वही मागवली. वाचायला त्यांनी मला बोलावलं, कारण त्यांचा आवाज बसला होता आणि माझा बाकांच्या शेवटापर्यंत जातो. मी अनुक्रमाने वाचत गेलो. पाड्यावरच्या नोंदी आधी येतात: कुडाचं घर, कौलारू, एक नंबर; कुडाचं घर, पत्रा, एक नंबर. एकेक झोपडं वेगळं मोजलेलं होतं. मग गावठाणातली पक्की घरं आली. माजी सदस्यांच्या नावापुढे लिहिलं होतं: घर, विटा-सिमेंट, स्लॅब, मागे पडवी.

"पडवी?" सरपंचबाईंनी विचारलं.

पुढच्या नावापुढेही पडवी होती. त्याच्या पुढच्याही. आमच्याकडे चाळ बांधताना ती मुख्य घराच्या मागच्या भिंतीला लावून सुरू करतात. मोजणीचा कारकून आला की पाया आणि दोन भिंती झालेल्या असतात, आणि मालक सांगतो, पडवी काढतोय. कारकून तसं लिहितो. नंतर खोल्या चढतात, वही तीच राहते. यात कोणाला खोटं बोलल्यासारखं वाटत नाही, कारण शेजाऱ्याने तसंच सांगितलेलं असतं. काहींनी तर आता खरंच विसरल्यासारखं तोंड केलं.

मी वाचत माझ्या वडिलांच्या नावापर्यंत आलो आणि थांबलो. भाऊसाहेब म्हणाले, "पुढे."

"घर, विटा-सिमेंट. मागे पडवी."

"पेपरवाले," माजी सदस्य म्हणाले, "तुमच्या पडवीत किती चुली पेटतात?"

"सहा," मी म्हणालो.

सभेत सर्वांत मोठा हशा यावर पिकला.

दाराजवळ उभा असलेला माझाच भाडेकरू पुढे सरकला. तो रंगाच्या कारखान्यात ऑपरेटर आहे, जौनपूरकडचा. मतदार नाही, पण सभेत बसायला कोणी अडवत नाही. तो म्हणाला, "सरपंच मैडम, एक बात बोलूँ? पानी का पैसा तो हर कमरे से जाता है। अलग से। अंकल भी लेते हैं।" त्याने माझ्याकडे बोट केलं नाही. हनुवटी केली.

हे खरं होतं. पंचायतीला आम्ही एका नळाची पाणीपट्टी भरत होतो, आणि सहा खोल्यांकडून पाण्याचे पैसे भाड्याव्यतिरिक्त घेत होतो. गावातल्या प्रत्येक चाळीत हीच पद्धत आहे.

एक चाळवाला म्हणाला, "ही लोकं आज हायेत, उद्या नायत. यांचा टॅक्स आमी का भरायचा?" बाई त्याच्याकडे वळली. "त्यांची पोरं बालवाडीत येतात का नाय? त्यांच्या बायका उपकेंद्रात येतात का नाय? त्यांचा कचरा घंटागाडी नेते का नाय? सरकार त्यांच्यासाठीबी खर्च करतं ना? मंग भाडं खातो त्यानं भरावं." आणि मग भाऊसाहेबांना, "मला फुकट नको. नळाचं काय पडतं ते सांगा, बावीस घरं मिळून भरू. पन आधी दारं मोजा. समदी दारं मोजल्याबिगर माझा नळ तोडायचा नाय."

भाऊसाहेबांनी ठरावाची भाषा बदलून वाचली: गावातल्या सर्व इमारतींची फेरमोजणी करावी, प्रत्येक बिऱ्हाडाच्या दाराला स्वतंत्र आकारणी असावी, तोपर्यंत सार्वजनिक नळ चालू ठेवावा आणि त्यानंतर त्याचा खर्च सर्वांच्या पट्टीत विभागावा. मतदानासाठी हात वर करायला सांगणार, तेवढ्यात माजी सदस्य उठले. त्यांच्यामागे आणखी चाळवाले उठले. ग्रामसभेला ठरावीक संख्येने मतदार हजर लागतात. तेवढे नसले की ठराव होत नाही, सभा तहकूब होते. ते दाराबाहेर गेले आणि पिंपळाच्या पारावर बसून सभेकडे बघू लागले. मला एकाने हाताने बोलावलं. मी वही हातात घेऊन उभा होतो. मी खाली बसलो.

भाऊसाहेबांनी माणसं मोजली. कमी भरली. त्यांनी घड्याळात बघितलं आणि सांगितलं की अर्धा तास थांबू, मग सभा तहकूब करावी लागेल.

बाईने चपला घातल्या आणि गेली. त्या दिवशी पाड्यावर लग्न होतं. म्हणूनच सभेला दुसरं कोणी आलेलं नव्हतं. पंचवीस मिनिटांनी शेताच्या बांधावरून माणसं येताना दिसली. पुढे ती होती. मागे बायका जास्त, पुरुष थोडे, अंगाला हळद लागलेली, तारपा वाजवणारा तारपा घेऊनच आला होता. नवऱ्यामुलाची आई ही मतदार होती, तीही आली. भाऊसाहेब हजेरीच्या वहीवर सह्या घेत होते आणि "हात पुसा, हात पुसा" म्हणत होते. त्या पानावर आजही पिवळे डाग आहेत.

"लवकर करा भाऊसाहेब," नवऱ्याची आई म्हणाली. "तिकडं नवरा पाटावर बसवून आलोय."

हात वर झाले. ठराव मंजूर झाला. पारावरचे लोक मोजणी संपल्यावर उठून गेले. मी हात वर केला होता. माझ्या आकारणीच्या विरोधात मी मत दिलं, एवढीच त्याची नोंद.

फेरमोजणी पावसाळ्यात झाली. भाऊसाहेबांबरोबर फीत धरायला पंचायतीचा शिपाई होता, आणि आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी ती बाई. ती प्रत्येक दारावर खडूने आकडा घालायची, मग शिपाई तिथे पाटी ठोकायचा. माझ्या चाळीला त्यांना पाऊण तास लागला. सहा पाट्या लागल्या. घरपट्टी वाढली. खोल्यांकडून पाण्याचे वेगळे पैसे घेणं मी बंद केलं. भाडं वाढवलं नाही, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. दोन खोल्यांचं वाढवलं. त्यांतली एक जौनपूरवाल्याची आहे. त्याने विचारलं, "अंकल, पाटी का भाड़ा है क्या?" मी हो म्हणालो.

माजी सदस्यांनी आपल्या चाळीच्या आकारणीवर हरकत घेतली. ती तालुक्याला गेली आहे. निकाल अजून आलेला नाही. त्यांच्या दहा दारांवर पाट्या लागल्या आहेत. एक पडली होती, ती पुन्हा ठोकली. गावातल्या तीन चाळींची मोजणी मालक दार उघडत नसल्यामुळे बाकी आहे. पंपाचं थकलेलं वीजबिल पंचायतीने दोन हप्त्यांत भरलं. पाड्यावरच्या नळाचा खर्च या वर्षीच्या पट्टीत सर्वांना विभागून लावला आहे, पाड्यालाही.

आज सकाळी मी फाट्यावर दूध आणायला गेलो होतो. ठेकेदाराची गाडी सहाला दोन मिनिटं कमी असताना आली. ती बाई चढली. मी विचारलं, पाणी किती वाजता आलं. "पाचला," ती म्हणाली, आणि गाडी सुटली.