ओला मासा धरणारा हात

एम.टेक.च्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प एकटीनेच करायचा होता. मी कृत्रिम हात बनवत होते, पण ओली वस्तू त्यातून निसटायची. मोटरचा जोर वाढवला, तरी ओला पेला सुटायचाच.

पनवेलच्या मासळी बाजारात एक कोळीण बसायची. तिच्या डाव्या हाताला अंगठा आणि एकच बोट होतं, तरी साफ करताना त्या हातातून मासा कधी सुटत नसे. एकदा धीर करून मी बनवलेला हात पिशवीतून काढून तिला दाखवला. तिने आधी पदराला हात पुसले, मग त्याचं एकेक बोट वाकवून पाहिलं.

"काय चुकतंय, मावशी?"

"लय जोर करतो गो ह्यो. वला मासा दाबला का पलतो. त्याला नुसता आधार द्यायचा."

मी मोटरचा जोर कमी केला आणि बोटांना मऊ रबराच्या गाद्या लावल्या. आठवड्याने ओला पेला त्या हातात स्थिर राहिला.

सांगायला धावत गेले. तिने शाबासकी दिली नाही. डावा हात पुढे केला, जरा लाजली.

"माज्या मापाचा व्हईल?"

तिचं नाव विचारायचं सुचलंच नाही. मी तिथेच ओल्या फरशीवर बसले आणि तिच्या हाताचं माप घेऊ लागले.