सगळे घरचेच

माजिवड्याच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी ‘मेजर डिप्रेशन’ हे शब्द उच्चारले, तेव्हा माझा धाकटा भाऊ सागर मान खाली घालून बसला होता. बारावी झालेला पोरगा. ही नुसती उदासी नव्हे, मॅडम म्हणाल्या. यात झोप, भूक, जगण्याची इच्छा, सगळंच आजारी पडतं. औषधाने आणि बोलण्याने बरं होऊ शकतं.

औषध सुरू झालं. बोलणं फोनवर करायचं ठरलं, कारण आमचं गाव कल्याणच्याही पुढे आणि सागर घराबाहेर पडायला तयार नसे. याला टेलिकाउन्सेलिंग म्हणतात. डॉक्टर पडद्यावर, पेशंट आपल्या घरात.

आमच्या घरी डॉक्टर येणार म्हणजे पाहुणा येणार. मी कळव्याहून गावी गेले त्या दिवशी आईने ओटी झाडली, काकीने डोक्यावर पदर घेतला, बाबा इस्त्रीचा सदरा घालून बसले. मधोमध सागर.

“खोलीत कोण कोण आहे?” मॅडमनी विचारलं.

“परका कोन नाय,” बाबा म्हणाले. “सगली घरचीच.”

“मला सागरशी एकट्याशी बोलायचंय.”

“बोला ना. आमी गप बसताव.”

काकी फोनपुढे वाकली. “मॅडम, चाय घेतली का? या एकदा, चिंबोऱ्यांचा रस्सा करतंय.”

सागर हसला. मग मॅडमनी विचारलं, कसा आहेस?

“बरा हाय.”

दर वेळी तो ‘बरा’च असे. त्याला एकट्याला बोलू द्या, मॅडम पुन्हा पुन्हा सांगत. फार तर बाबा आत जाऊन दाराआड उभे राहत. आजारी माणसाला एकटं सोडायचं नाही, ही आमच्याकडची माया. त्या मायेच्या गर्दीत त्याला काय सांगायचं होतं, ते आता कुणालाच कळणार नाही. ज्यांच्या घरी असा फोन येतो, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

होळीच्या आधी सागरने आपणहून जग सोडलं.

कार्य उरकल्यावर मॅडमचा फोन आला. त्यांना आईशी बोलायचं होतं. त्या विसरल्या नाहीत, याचं ऋण मोठं आहे. आम्ही सवयीने सगळे सरकून जवळ बसलो.

आईने फोन हातात घेतला आणि बाबांकडे पाहिलं.

“जरा भायेर जा सगली.”

बाबा उठले. मागोमाग काकी, मी. अंगण ओलांडून, आवाज पोचणार नाही इतक्या लांब, बाबा घराकडे पाठ करून उभे राहिले. आईने दार उघडेपर्यंत आम्ही तिथेच होतो.

काही कठीण नव्हतं.