हात काढून राहिलो

बाबांनी अकोल्याच्या जुन्या शहरात मोर्णा नदीकाठच्या लांब भिंतीवर माणसांचे हात रंगवले. भाजीवालीचा, शिंप्याचा, बांगड्या भरणारीचा. एकेक हात पुरुषभर उंच. जठारपेठेतल्या आमच्या घरात मात्र त्यांनी साधं कॅलेंडरही लावू दिलं नाही. "डोये थकते माहे, घरी तरी आराम पायजे," म्हणायचे. पावसाळा सोडला तर दुपारचा डबा ते भिंतीला लावलेल्या बांबूच्या उंच परांचीवरच बसून खात. लोक हसत. ज्यांचा हात रंगवायचा राहिला असेल, ते चिडतही.

पुण्याची एक मुलगी त्यांच्यावर माहितीपट करायला आली. चित्रीकरण संपलं आणि दोन महिन्यांत बाबा गेले. नंतर तिनं तपासायला मला फिल्म पाठवली. शेवटच्या दृश्यात ती विचारते, "बाबा, या वयात इतक्या उंचावर का चढता?"

"काहून म्हणजे? लोकायचे हात काढून राहिलो ना मी!"

खाली प्रमाण मराठीत ओळ होती: 'लोकांचे हात काढले, आणि मी मागे राहिलो.' फिल्मचं नावही तेच, 'मागे राहिलेला'.

मी अमरावतीला कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. दुसऱ्याच्या पुस्तकात पेन्सिलचीही खूण करत नाही. तरी फोन लावला.

"ताई, पण शेवट किती सुंदर होतो त्यानं," ती म्हणाली.

"होत असेल. बाबा तसं बोललेच नाहीत. काढून राहिलो म्हणजे काढतोय. आमच्याकडे काम चालू असलं की असंच म्हणतात."

तिनं विचारलं, "म्हणजे मी त्यांना बिचारं केलं?"

"हो," मी म्हटलं. मग वाटलं, फार तोडून बोलले. पण शब्द मागे घेतला नाही.

अमरावतीत फिल्म 'हात काढून राहिलो' या नव्या नावानं दाखवली तेव्हा जुन्या शहरातली भाजीवाली मुद्दाम एसटीनं आली होती. स्वतःचा हात पडद्यावर दिसताच ती उभी राहिली. "माहा होय तो! अंगठा जाडा काढला बुढ्यानं!" सभागृह हसलं.

मग बाबा परांचीवर दिसले. प्रश्न आला, उत्तर आलं. खाली लिहिलं होतं: 'लोकांचे हात काढतोय ना मी!' कोणी हळहळलं नाही. लोक त्यांच्या तोऱ्यावर हसले, अगदी त्यांना आवडलं असतं तसे. टाळ्या सुरू झाल्या. त्यात पहिली माझी होती.