दहाव्याला आलेला एजंट

ती दुपार माझ्या मनातून अजून गेलेली नाही. नोकरीत बरेच गुन्हे उघडकीस आणले, त्यांतले कित्येक आता विसरलोही. हा विसरता येत नाही, कारण यात मी चुकलो होतो.

तेव्हा मी दौंड तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपत असताना वरवंडला दिलेली एक बाई रडत आत आली. सोबत तिचा चुलतभाऊ होता. बाईची आई राहू गावात एकटी राहायची. वडील जाऊन महिनाही झाला नव्हता, आणि आदल्या सकाळपासून आईचा पत्ता नव्हता. बाईने छातीशी एक प्लास्टिकचा डबा धरला होता. त्यात बर्फ आणि बर्फात इन्सुलिनची बाटली.

"साहेब, आईला शुगर हाय. दोन टायमाला सुई लागती. कालपास्नं एकबी न्हाई. डॉक्टर म्हनल्यात, लई उशीर झाला तर वाचायची न्हाई."

आमच्या हवालदार मामांनी मिसिंग रजिस्टरला नोंद घेतली. संपर्कासाठी चुलतभावाने आपला नंबर दिला. खबरही त्यानेच दिली.

"शिरूरचा एक जमीन एजंट हाय, साहेब. चुलत्याच्या दहाव्याला आला व्हता. ना वळखीचा ना पाळखीचा. तवाच काकीचा नंबर काढून न्हेला आन् फोन केला. त्यानंच गाडीत घालून न्हेली आसंल, दुसरं कोन?"

दहाव्याला! माझं डोकं तिथेच तापलं. आमच्या भागात जमिनीला भाव आल्यापासून ही मंडळी मी बघत होतो. चौकातल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवरून तारीख टिपायची, पांढरी टोपी घालून घाटावर मागच्या रांगेत बसायचं आणि पिंडाकडे लक्ष ठेवायचं. कावळा शिवत नाही तेव्हा घरचे एकेक जण हात जोडून गेलेल्याला शब्द देतात. पोरीचं लग्न करू, भावाला वाटणी देऊ, सोसायटीचं कर्ज भागवू. त्या घरात काय अडलंय ते अख्ख्या घाटाला कळतं. नडलेला विकणारा हुडकायला याहून सोपी जागा नाही.

शिरूरला कळवून आम्ही त्याला साडेदहापर्यंत आणून बसवला. अठ्ठाविशीचा, किडकिडीत. कंपनीतलं कंत्राटी काम सुटल्यावर मोबाइलवर कुठलासा क्लास करून जमिनीच्या धंद्यात उतरलेला. अजून एकही व्यवहार जमला नव्हता.

"म्हातारी कुठंय?"

"मला न्हाई माहीत, साहेब. मी फकस्त एक फोन केला व्हता."

"दहाव्याला कशाला गेला होतास? तुझं कोण मेलं होतं?"

त्याने मान खाली घातली. "क्लासमधी सांगितलं, ज्याला इकायची घाई हाय आसा मालक शोधा. आपल्याकडं तसा मालक दहाव्यालाच गावतो, साहेब."

खरं तेच सांगत होता बिचारा. पण मला तो निर्ढावलेपणा वाटला. मी मुळात तापट, त्यात बाहेर बाईचं रडणं चालू. मी त्याच्या कानाखाली वाजवली. गालावर हात धरून तो एवढंच म्हणाला, "साहेब, माझी वही बघा. पिशवीत हाय."

मला वाटलं, वेळ काढतोय. मी विचारत राहिलो, दम देत राहिलो. तो एकच पालुपद लावून बसला, वही बघा. असा दीड तास गेला. मग बाई दारात येऊन उभी राहिली. डबा पुढे धरून म्हणाली, "साहेब, बर्फ इतळला. दुसरा कुठं मिळंल?"

मला तिच्याकडे बघवेना. मामांना म्हटलं, आणा ती वही.

शाळेच्या वहीवर त्याने रकाने पाडले होते. गाव, मालक, घाई कशाची, पुन्हा फोन करायचा का. राहूच्या पानावर लिहिलं होतं: 'कावळा शिवंना. पुतण्या म्हणाला रान मी कसतो, काकीला सांभाळतो. तरी न्हाई. आजी म्हणाल्या रान लेकीच्या नावावर करते. लगेच शिवला. नंतर फोन केला. विकायचं न्हाई. आजी रडल्या. पुन्हा फोन करू नये.'

दोन पानं पुढे, चार दिवसांपूर्वीची नोंद: 'एकानं आपणहून फोन केला. नाव सांगत न्हाई. राहूकडचं रान. आठ दिवसांत दस्त करायचा म्हणतो. वढू बुद्रुकच्या अलीकडं पत्र्याच्या ऑफिसात ये म्हणाला. मालकीण कुठंय विचारलं तर म्हणतो, अंगठ्यापुरती आणतो. घाई फार, कारण सांगत न्हाई. सोडून दिला.' खाली मोबाइल नंबर.

नंबर बघून मामा उठले. मिसिंग रजिस्टर आणून वहीशेजारी ठेवलं आणि दोन्हीकडे बोट लावलं. नंबर एकच होता.

पुतण्या, म्हणजे बाईचा तो चुलतभाऊ, बाहेर बाकावर आमचाच चहा पीत बसला होता. मामांनी आधी त्याचा मोबाइल काढून घेतला, मग कॉलर धरली. एजंटचं कोण खरं मानणार, या हिशोबाने त्याने आमच्या हाती ते पोर दिलं होतं, आणि मी ते आनंदाने घेतलं होतं. काकीने रान लेकीच्या नावावर करायच्या आत त्याला तिचा अंगठा हवा होता.

वहीतल्या पत्त्यावर आम्ही बाईला घेऊन वढूला निघालो. रस्त्यात एका रसवंतीवरून बाईने डब्यात बर्फ भरून घेतला. पत्र्याच्या ऑफिसला बाहेरून कडी होती, राखणीला ठेवलेला माणूस गाडी बघून उसातून पळाला. आत भट्टी पेटल्यासारखी धग. म्हातारी जमिनीवर, प्लॉटिंगच्या जुन्या फ्लेक्सवर पडली होती. ओठ फुटलेले, शुद्ध अर्धवट. टेबलावर शाईचा पॅड उघडाच होता. लेकीने "आई" म्हणून हाक मारली, तेव्हा तिची बोटं हलली. देवा, त्या क्षणी मला रडू आवरेना.

दवाखान्यात डॉक्टरांनी सलाइन लावता लावता विचारलं, "इतका उशीर का केलात?"

दीड तास मी कशात घालवला ते मलाच ठाऊक होतं.

म्हातारी वाचली. तिसऱ्या दिवशी मी जबाब घ्यायला गेलो. तिने सगळं नीट सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "त्या शिरूरच्या पोराला तुमी मारलं म्हनं?"

"व्हय, आजी."

"का वो? मालक गेल्यापास्नं किती जनांनी फोन केलं. न्हाई म्हनलं तरी सोडंनात. त्यो येकटाच म्हनला, आजी, चुकलं माझं, परत करीत न्हाई. आन् न्हाईच केला त्यानं. जावा, त्याला भेटून या."

त्याचा आणि माझा धंदा म्हटलं तर एकाच गोष्टीवर चालतो, नडलेला माणूस शोधण्यावर. तो नवशिका होता, तरी समोरच्याचं एक 'नाही' ऐकून थांबला. इतकी वर्षं वर्दी घालून मला 'वही बघा' ऐकू आलं नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत चौकशीला बसवलेल्या माणसावर मी हात टाकला नाही, आणि त्याने दाखवलेला कागद आधी वाचला.

रविवारी साध्या कपड्यांत मी शिरूरला त्याच्या घरी गेलो. दार त्यानेच उघडलं. माफी मागायची म्हणून रस्ताभर शब्द जुळवले होते. पण मी तोंड उघडायच्या आतच त्याचा हात गालावर गेला.